कडू सालीचा डोंगर

दार्जिलिंगला निघालेल्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. पहाटे थंडीत कुडकुडत टायगर हिल, मग त्या चिमुकल्या आगगाडीतून घूम, दुपारी चहाचा मळा आणि परतताना नातेवाइकांसाठी चहाची पुडकी. हे सगळे आम्हीही यथासांग केले. चौथ्या दिवशी मात्र मी मंगपूला जायचे म्हणालो, तेव्हा हॉटेलच्या व्यवस्थापकाने भुवया उंचावल्या.

“तिथे काय बघणार?”

“कोयनेलची झाडे,” मी म्हणालो.

आमच्या सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. “लोक इथे कांचनगंगा बघायला येतात, आणि तुम्ही कोयनेल!”

कोयनेल म्हणजे क्विनाइन. हा शब्द आजच्या मुलांना ठाऊक नसेल. पण त्यांच्या आजी-आजोबांच्या जिभेवर तो अजून कडू लागत असेल. हिवतापाने दात वाजू लागले, चार गोधड्या घालूनही हुडहुडी थांबेना, की घरात कोयनेल यायचे. अशा औषधाचे झाड डोळ्यांनी पाहावे, ही इच्छा मला फार दिवसांपासून होती.

घूमजवळच्या जोरबंगल्यावरून मंगपूचा रस्ता खाली वळतो. धुपीच्या उंच, काळसर झाडांतून धुके वाहत असते. जीप उतरत जाते तसतसे अंगावरचे एकेक गरम वस्त्र निघते. मंगपू दार्जिलिंगच्या जवळजवळ निम्म्या उंचीवर आहे, आणि सिंकोनाला नेमके हेच मानवते: हवा थंड, पण हिमकडा नको, पाऊस भरपूर, पण मुळाशी पाणी साचता कामा नये. झाड मोठे लाडावलेले आहे म्हणायचे!

दिसायला मात्र ते अगदी साधे. जीपवाल्याने बोट दाखवले नसते तर मी जांभळाचे एखादे चुलत भावंड समजून पुढे गेलो असतो. रुंद, चकचकीत पाने; त्यांतली जून झालेली काही लाल. करड्या सालीवर शेवाळाचे ठिपके. ज्याच्यासाठी दोन खंडांत धावपळ झाली, ते हे झाड!

सिंकोना मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. त्याच्या सालीने ताप उतरतो ही वार्ता सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांबरोबर युरोपात पोहोचली. १८२० साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि कावांतू या दोघा रसायनज्ञांनी सालीतले मुख्य द्रव्य वेगळे काढले, ते क्विनाइन. पुढे १८६० साली क्लेमंट्स मार्कहॅम हा इंग्रज पेरूत जाऊन रोपे आणि बिया घेऊन आला. निलगिरीच्या उतारांवर सिंकोनाची लागवड झाली. त्याच दशकात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख टॉमस अँडरसन यांच्या देखरेखीखाली दार्जिलिंगच्या डोंगरांतही सिंकोना रुजला, आणि मंगपू त्याचे मुख्य ठाणे झाले.

गावात आमची गाठ एका वृद्ध गृहस्थांशी पडली. आयुष्य त्यांनी साल आणि सालीचा भुगा यांतच काढलेले. इकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना ‘दाजू’ म्हटले. दाजू म्हणजे थोरला भाऊ. ते खुलले. घरात नेऊन चहा दिला आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर सालीचा एक ढलपा आणून ठेवला. बाहेरून करडा, आतून तांबूस.

“चाखून बघा,” ते हिंदीत म्हणाले.

मी टोकाचा इवलासा कण जिभेवर ठेवला. कारल्याचा, कडुनिंबाचा, काडेचिराइताचा असे सगळे कडूपण एकत्र केले तरी त्याची बरोबरी व्हायची नाही. सौ.ने दुरूनच नमस्कार केला. दाजू हसून म्हणाले, “आम्ही घरी जेवायला बसलो, की भातसुद्धा कडू लागायचा. हात कितीही धुवा!”

मग त्यांनी कृती सांगितली. साल ठोकून झाडापासून सोडवायची, वाळवायची, दळायची. भुग्यात चुनकळी आणि दाहक सोडा कालवायचा, म्हणजे सालीतल्या आम्लांनी बांधून ठेवलेले क्विनाइन मोकळे होते. मोकळे झालेले क्विनाइन तेलात उतरते. ते तेल विरळ गंधकाम्लाबरोबर घुसळले की ते तेल सोडून पाण्यात येते, आणि पाणी निवल्यावर क्विनाइन सल्फेटचे रेशमासारखे पांढरे स्फटिक धरतात. ताक घुसळून लोणी काढणाऱ्या आपल्या आयाबायांना हे शास्त्र समजायला वेळ लागणार नाही.

क्विनाइनच्या एका रेणूत कार्बनचे २०, हायड्रोजनचे २४, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. नायट्रोजन असलेल्या, अल्कलीसारखे वागणाऱ्या वनस्पतिज द्रव्यांना अल्कलॉइड म्हणतात. चहातले कॅफीन, तंबाखूतले निकोटिन आणि अफूतले मॉर्फिन ही सगळी याच गोतावळ्यातली. सिंकोनाच्या सालीत क्विनाइनखेरीज क्विनिडीन, सिंकोनीन आणि सिंकोनिडीन अशी आणखी तीन मुख्य भावंडे असतात. पैकी क्विनिडीनमध्ये अणू तेच आणि तेवढेच. फक्त अवकाशातली मांडणी वेगळी. तेवढ्या फरकामुळे हृदयाचे बिघडलेले ठोके ताळ्यावर आणायला पूर्वी डॉक्टर क्विनिडीन वापरत.

मुलांसाठी एक गंमत सांगून ठेवतो. बाजारात ‘टॉनिक वॉटर’ मिळते, त्यात चवीपुरते क्विनाइन असते. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली त्याचा पेला धरा. पाणी निळे उजळते. तेवढ्याशा क्विनाइनची ही करामत!

आता मुख्य करामत. हिवतापाचे जंतू डासाच्या डंखातून येतात. डासाच्या पोटात ते रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेत दिसले. हे जंतू आपल्या तांबड्या रक्तपेशींत शिरून हिमोग्लोबिन खातात. खाऊन उरलेला लोहयुक्त भाग त्यांना स्वतःलाच विषारी असतो, म्हणून ते त्याचे निरुपद्रवी खडे बनवून ठेवतात. क्विनाइन या खडे बनवण्याच्या कामात खोडा घालते आणि जंतू आपल्याच उष्ट्याने मरतात, असे शास्त्रज्ञ मानतात.

पण औषध झाले म्हणून ते गरीब गाय नव्हे. मात्रा पुरेशी झाली की कान वाजू लागतात, ऐकू कमी येते, मळमळते, भोवळ येते. जास्त झाली तर दृष्टीवर घाला येतो, हृदयाची लय बिघडते. रक्तातली साखरही घसरू शकते. म्हणून हे औषध डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचे.

दाजूंना मी विचारले, “इथला माल जायचा कुठे?”

“सगळीकडे. पोस्टातसुद्धा.”

हे ऐकून सौ.ला हसू आले, पण ते खरे आहे. १८९२ पासून बंगालच्या पोस्ट ऑफिसांतून क्विनाइनच्या पुड्या मिळू लागल्या. एका पैशाला एक पुडी. त्याआधी साली शुद्ध न करता चारही अल्कलॉइडांचे स्वस्त मिश्रण इथे तयार होत असे, कारण चौघेही ताप उतरवतात असे सरकारी चाचण्यांत दिसले होते. पांढरे शुद्ध औषध थोड्यांना द्यायचे, की मळकट पण स्वस्त औषध पुष्कळांना? हा प्रश्न या डोंगराने दीडशे वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता.

तो पुरता सुटला मात्र नाही. एक पुडी म्हणजे एक मात्रा. हिवताप मुळापासून काढायचा तर दिवसातून तीनदा, आठवडाभर औषध घ्यावे लागते. ज्याच्या गाठीला एकच पैसा, त्याचा ताप एक दिवस उतरायचा आणि पुन्हा चढायचा. देशाला पुरेल इतके क्विनाइन इथे कधी झालेच नाही. जगाला लागणारी बहुतेक साल डचांच्या ताब्यातल्या जावा बेटावरून येई. १९४२ साली जपानने जावा घेतले आणि तो झरा आटला. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला. त्यात जे लाखो लोक गेले, त्यांच्यात भुकेने खंगून हिवतापाला बळी पडलेले असंख्य होते. झाडे मंगपूच्या उतारावर उभी होती, पण गरज त्यांच्या कितीतरी पुढे गेली होती.

दुष्काळाच्या थोड्याच वर्षे आधी, १९३८ ते १९४० या काळात, रवींद्रनाथ ठाकूर मंगपूला येऊन राहत. त्यांच्या यजमानीण मैत्रेयी देवी. त्यांचे पती मनमोहन सेन इथल्या क्विनाइनच्या कामावरचे शास्त्रज्ञ. रवींद्रनाथ राहत तो बंगला आता संग्रहालय आहे. आम्ही तो पाहिला. व्हरांड्यातून समोर डोंगरांच्या रांगा दिसतात आणि जवळच कारखान्याची इमारत. आपल्या श्रीनिकेतनच्या खेड्यांत हिवतापाशी झुंजलेल्या कवीला हा शेजार परका वाटला नसेल.

आता औषधांचे दिवस पालटले. १९४० नंतर क्लोरोक्विन आले. त्याला जंतू पुरून उरू लागले, तेव्हा चीनमधल्या एका वनस्पतीतून आर्टेमिसिनिन निघाले. त्यासाठी तू यूयू यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गंभीर हिवतापात आज आर्टेसुनेटचे इंजेक्शन पहिले, क्विनाइन त्याच्या अभावी. गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत बरीच वर्षे क्विनाइनवरच भिस्त होती; तिथेही २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना आर्टेमिसिनिन गटाचे मिश्र औषध सुचवते. प्राण अधिक वाचतात, याचा आनंदच मानला पाहिजे.

दाजूंचा आनंद मात्र आमच्याइतका सरळ नव्हता. “माणसे बरी होतात ना? मग चांगलेच,” ते म्हणाले, आणि थोडे थांबले. “पण झाडाला मागणी नाही, तर आमच्या नातवांनी काय करायचे?” त्यांचे घर, त्यांच्या बापाचे घर, सगळे या लागवडीच्या जमिनीवर. जगाचा ताप उतरवणाऱ्या हातांना आता स्वतःच्या उद्याची चिंता. इथे इतर औषधी वनस्पती लावल्या जातात, पाहुण्यांसाठी घरे उघडली आहेत. पण शेकडो कुटुंबांचा संसार एवढ्यावर पेलणे सोपे नाही. माझ्याजवळ उत्तर नव्हते. दोन दिवस त्यांच्या पुतण्याच्या घरी पैसे देऊन राहिलो, एवढेच केले. तुम्ही दार्जिलिंगला जाल, तेव्हा एक मुक्काम इकडे ठेवा.

आणि घरी कोणाला थंडीताप आला, तर रक्त तपासल्यावाचून राहू नका. आपल्याकडे पुष्कळदा आढळणाऱ्या व्हायवॅक्स हिवतापात तीन दिवस क्लोरोक्विन आणि सामान्यतः चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. ताप तिसऱ्या दिवशीच पळतो, आणि उरलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात. मग यकृतात दडून बसलेले जंतू काही महिन्यांनी पुन्हा उठतात. पोस्टातून एकच पुडी नेणाऱ्या त्या शेतकऱ्याकडे दुसऱ्या पुडीला पैसा नव्हता. आपल्या फडताळात सगळ्या पुड्या आहेत. डॉक्टरांनी सांगितलेली शेवटची गोळी घेण्यात आळस करायला आपल्याला कोणते निमित्त उरले आहे?