काचेपलीकडचा गायक: जी. एन. जोशी आणि ध्वनिमुद्रित कृतीचे कर्तृत्व

मराठी समीक्षेने कर्तृत्वाच्या प्रश्नाचा विचार केला तो प्रामुख्याने लिखित संहितेच्या संदर्भात. अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा ही या विचाराची सर्वांत परिचित खूण होय. ध्वनिमुद्रिकेच्या आरंभकाळातही अशी एक नाममुद्रा होती. १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गैसबर्गने गौहर जानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा गाण्याच्या शेवटी गायिकेने स्वतःचे नाव उच्चारण्याची प्रथा पडली. हॅनोव्हर येथील कारखान्यात तबकडीवर योग्य नाव छापले जावे, एवढाच त्यामागील व्यावहारिक हेतू होता. परंतु त्या उच्चाराने गायकाच्या कर्तृत्वावर शिक्कामोर्तबही झाले. पुढे ध्वनिमुद्रणाचे तंत्र विकसित होत गेले आणि गायक-वादकाच्या बरोबरीने आणखी एक व्यक्ती कृतीच्या घडणीत सहभागी झाली. काचेच्या पलीकडे बसून कोणी वाजवावे, किती वेळ वाजवावे, कशानंतर काय यावे हे ठरविणारी ही व्यक्ती म्हणजे निर्माता. या कर्त्याला नाममुद्रा नाही. त्याचे नाव वेष्टनावर असले तरी श्रोत्याची नजर त्यावर सहसा थांबत नाही, आणि समीक्षकाची तर नाहीच.

या प्रश्नाचा विचार करण्यास जी. एन. जोशी यांच्याइतके अर्थपूर्ण उदाहरण मराठी भाषकांत दुसरे सापडणे कठीण आहे. त्यांच्या आयुष्याच्या दोन टोकांना दोन ध्वनिमुद्रिका आहेत. पहिली १९३०च्या दशकाच्या आरंभीची. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जोशी यांनी स्वतः चाल लावून स्वतःच्या आवाजात गायिली. दुसरी १९६७ साली मुद्रित झालेली 'कॉल ऑफ द व्हॅली'. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला असलेली ही दीर्घ ध्वनिमुद्रिका जोशी यांनी निर्माता म्हणून सिद्ध केली. पहिल्या मुद्रिकेत तेच ऐकू येतात. दुसरीत त्यांचा एकही स्वर नाही. या दोहोंमधील अंतर म्हणजे एका गायकाचे मौनाकडे जाणे आहे. त्या मौनाला कर्तृत्व म्हणता येईल काय, असा येथे खरा प्रश्न आहे.

जोशी मूळचे वऱ्हाडातील खामगावचे. कवी देशपांडे मेहकरचे. दोघेही आजच्या बुलढाणा जिल्ह्यातले आणि दोघेही कायद्याचे पदवीधर. मध्यप्रांत व वऱ्हाड यांची राजधानी असलेले नागपूर ही या पिढीची विद्येची आणि वकिलीची नगरी होती. मॉरिस कॉलेज होते, १९२३ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ होते, आणि सीताबर्डी-महाल-धंतोली या वस्त्यांतून कवितेचा आणि गाण्याचा शौक असलेला सुशिक्षित वर्ग होता. आकाशवाणीचे नागपूर केंद्र मात्र १९४८ साली सुरू झाले. म्हणजे १९३०च्या दशकात या प्रांतातील एखादी कविता दूरवर ऐकू जावयाची, तर तिला ग्रामोफोनच्या तबकडीवाचून दुसरे वाहन नव्हते.

'शीळ' या कवितेच्या बाबतीत जे घडले ते वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. देशपांडे यांचा 'शीळ' हा पहिला कवितासंग्रह १९५४ साली प्रसिद्ध झाला; जोशी यांची तबकडी त्याच्या वीस-बावीस वर्षे आधीची. ही कविता ग्रंथरूप होण्यापूर्वी हजारो कानांपर्यंत पोचली होती. रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची प्रथा रूढ केली होती हे खरे. पण यशवंत किंवा गिरीश गात तेव्हा ते स्वतःचीच कविता गात. तेथे कवी आणि कंठ एकच असे. जोशी यांनी हे दोन वेगळे केले. कवी मेहकरला, कंठ तबकडीत आणि श्रोता आपल्या घरात, असा एक नवा संबंध त्यामुळे निर्माण झाला. त्या कवितेतील उद्गार स्त्रीचा आहे. तो पुरुषाच्या आवाजात आला तरी कोणाला खटकला नाही, कारण श्रोत्याने त्या आवाजाला कवितेचा वाचक मानले, तिच्यातील पात्र मानले नाही. भावगीत या प्रकाराचे मर्म येथेच आहे. भावगीत हे कवितेचे तीन-सव्वातीन मिनिटांचे वाचन असते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर याहून अधिक मावत नसे. म्हणून कोणते कडवे घ्यावे, ध्रुपदाकडे कितीदा परतावे, दोन कडव्यांमध्ये वाद्याला किती अवकाश द्यावा, हे सगळे निर्णय अर्थनिर्णयनाचेच होत. जोशी यांनी हे निर्णय प्रथम स्वतःच्या आवाजासाठी घेतले. पुढे दुसऱ्यांच्या आवाजासाठी ते घेणे हेच त्यांचे जीवितकार्य झाले.

१९३८ साली त्यांनी वकिली सोडून हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीच्या मुंबई शाखेत ध्वनिमुद्रणाचे काम पत्करले आणि तीन दशकांहून अधिक काळ ते केले. गंगूबाई हनगल यांच्यासमवेत द्वंद्वगीते गायिलेला हा लोकप्रिय गायक हळूहळू काचेपलीकडे गेला. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, बेगम अख्तर अशा मोठ्या कलावंतांना मुद्रणासाठी राजी करणे, मैफलीत तास-दीड तास फुलणारा राग तबकडीच्या मापात बसविताना त्यांचा स्वाभिमान दुखावू न देणे, आणि गाणे बिघडले तर ते पुन्हा गायला सांगणे, हे या कामाचे स्वरूप होते. गाण्याची समज असलेला कारकून एवढी त्याची व्याख्या करणे अन्यायाचे ठरेल. पुन्हा गा असे सांगणारा माणूस मनात एक संभाव्य गाणे ऐकत असतो, आणि प्रत्यक्ष गाणे त्या संभाव्य गाण्याशी ताडून पाहत असतो. हस्तलिखित परत पाठविणारा संपादक नेमके हेच करतो.

'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये हे संपादन कळसाला पोचले. प्रथम वाद्यांची निवड पाहावी. संतूर हे काश्मिरातील सूफियाना मौसिकीचे वाद्य. त्याच्या तारांवर कलमांनी आघात करावयाचा असल्याने स्वर तुटक उमटतो आणि मींड निघत नाही, हा आक्षेप शिवकुमार शर्मा यांना १९५०च्या दशकापासून ऐकावा लागत होता. वाद्याची स्वररचना बदलून, ते मांडीवर घेऊन त्याची अनावश्यक गुंज आवरून, कलमे तारांवरून हलकेच सरकवून त्यांनी त्या आक्षेपाला उत्तर शोधले होते. गिटार तर परदेशी. काब्रा ती आडवी ठेवून तारांवरून धातूचा दांडा फिरवीत. बासरीला पन्नालाल घोष यांनी मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली होती, परंतु घोष १९६० साली निवर्तले आणि त्या वाद्याची परंपरा अजून एका पिढीपलीकडे गेलेली नव्हती. तात्पर्य, या तिन्ही वाद्यांच्या पाठीशी सतार किंवा सरोद यांच्यासारखे घराण्याचे पाठबळ नव्हते. तिन्ही वादक तिशीच्या उंबरठ्यावर होते. ज्यांना खानदानी रीत सांभाळावयाची होती, अशा वादकांकडून हा प्रयोग होणे अवघड होते.

तीन वाद्यांचा परस्परसंबंधही विचारात घेण्याजोगा आहे. संतूरचा स्वर थेंबासारखा पडतो आणि विरतो. गिटारचा स्वर एका श्रुतीवरून दुसरीवर घसरत जातो. संतूरला जी मींड सहज लाभत नाही ती येथे भरपूर आहे. बासरीचा स्वर श्वासाचा असल्याने तो लांबतो, आणि श्वास संपताच थांबतो. एकाचे उणेपण दुसरा भरून काढतो. जुगलबंदीत दोन कलावंतांची स्पर्धा ऐकू येते. येथे स्पर्धेला स्थानच नाही, कारण कोणत्याही एका वाद्याला संपूर्ण राग एकट्याने मांडावयाचा नाही. पाच रचना, अहिर भैरव व नट भैरव, पिलू, भूप, देस आणि पहाडी अशा क्रमाने, चाळीस मिनिटांच्या आत संपतात. पहिली बारा मिनिटांच्या आसपास, उरलेल्या सहा ते आठ मिनिटांच्या. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, असे त्यांना जोडणारे सूत्र आहे. रागांची समयव्यवस्था ही आपल्या संगीतातील जुनी कल्पना. एका मैफलीत ती एखाद्या प्रहरापुरती प्रकट होते. येथे तीच कल्पना कथानकाचा कणा झाली. राग हे दिवसाच्या कादंबरीतील प्रकरण झाले.

हा कणा वादनात नाही, क्रमात आहे. एखादी रचना सुटी काढून ऐकली तर ती सुंदर धून वाटेल, पण तिच्यातून मेंढपाळ किंवा त्याची सायंकाळ दिसणार नाही. कृतीचा अर्थ निवड, कालावधी, क्रम आणि संयोग या चार गोष्टींत वसतो आणि या चारही गोष्टी निर्मात्याच्या क्षेत्रातील आहेत. वादकांची प्रतिभा त्यामुळे कमी ठरत नाही. कादंबरीतील वाक्ये आणि कादंबरीची रचना यांत जो भेद केला जातो, तोच येथे करावयाचा आहे. फरक इतकाच की येथे वाक्ये एकांची आणि रचना घडविण्यात वाटा दुसऱ्याचाही आहे.

तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण घेता येईल. १९७९ साली इंग्लंडमध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत जॉय डिव्हिजन या मँचेस्टरच्या तरुण वाद्यवृंदाची 'अननोन प्लेझर्स' ही ध्वनिमुद्रिका तयार झाली. पंकच्या लाटेनंतरच्या रॉक संगीतातील ती एक अभिजात कृती मानली जाते. रंगमंचावर हा वृंद कर्कश, वेगवान आणि आक्रमक होता. निर्माता मार्टिन हॅनेट याने ढोलांचे आवाज सुटे सुटे मुद्रित करविले, नव्या डिजिटल विलंबयंत्राने आघात आणि त्याचा प्रतिध्वनी यांत फट पाडली, काच फुटण्याचे व लिफ्टचे आवाज मिसळले आणि वाद्यांमध्ये थंड, रिकामी पोकळी निर्माण केली. बर्नार्ड सम्नर आणि पीटर हूक यांना ही मुद्रिका प्रथम आवडली नाही. आपला जोर तीतून नाहीसा झाला असे त्यांना वाटले. श्रोत्यांनी मात्र त्या पोकळीतच त्या गाण्यांचा अर्थ ऐकला. हॅनेटचा ठसा नादाच्या पोतावर आहे, जोशी यांचा बांधणीवर आहे. एक वादकांच्या इच्छेविरुद्ध गेला, दुसरा वादकांच्या मनाजोगता चालला. परंतु कलावंताच्या आविष्कारात जे सुप्त आहे ते त्याच्या आधी किंवा त्याच्याइतकेच ऐकणारा वाचक, ही भूमिका दोघांची समान आहे.

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. निर्माता हा कंपनीचा नोकर असतो. त्याचा कान बाजाराचाही कान असतो. सहा मिनिटांत भूप आटोपणे हे रागविस्ताराच्या दृष्टीने दारिद्र्य आहे, असे शुद्धतावाद्याने म्हटले तर त्याला सहज खोडून काढता येणार नाही. मेंढपाळाचे ते खोरेही शहरी श्रोत्याने कल्पिलेले आहे. १९६५च्या युद्धाला दोनच वर्षे झाली होती, आणि त्याची पुसटशी सावलीदेखील या काश्मीरवर पडलेली नाही. पाश्चात्त्य श्रोत्यांत या मुद्रिकेला जे प्रेम मिळाले, जॉर्ज हॅरिसनसारख्या संगीतकाराने तिचे जे स्वागत केले, त्यात या निर्वेध चित्राचाही भाग असणार. पण हा आक्षेप मान्य करताना एक गोष्ट विसरता येत नाही. दूर रानातून येणारी हाक आणि ती ऐकून व्याकूळ होणारे मन हे 'शीळ' या कवितेचेही द्रव्य होते. १९२०-३०च्या जानपद गीतांनी मराठी सुशिक्षिताला खेड्याचे जे स्वप्न दिले, त्याच स्वप्नात वाढलेला हा कान होता. वऱ्हाडातल्या शिळेपासून काश्मीरच्या खोऱ्यातल्या हाकेपर्यंत त्याने एकच जागा शोधली. बाजाराने ही हाक विकली. ती ऐकण्याची सवय मात्र बाजाराने दिलेली नव्हती.

ज्या १९६७ साली ही मुद्रिका सिद्ध झाली, त्याच वर्षी रोलाँ बार्थ यांचा लेखकाच्या मृत्यूसंबंधीचा निबंध इंग्रजी भाषांतरात प्रथम प्रसिद्ध झाला. संहितेची एकात्मता तिच्या उगमात नसून ती जेथे पोचते तेथे, म्हणजे वाचकात असते, असे बार्थ यांचे प्रतिपादन. निर्मात्याच्या उदाहरणाने या प्रतिपादनाला एक अडचण निर्माण होते. येथे वाचक संहिता पूर्ण होण्याची वाट पाहत थांबत नाही; तो तिच्या घडणीत शिरतो, तिची लांबी ठरवितो, तिची प्रकरणे लावतो आणि मग बाहेर पडतो. त्याला लेखक म्हणावे तर त्याने एकही स्वर उच्चारलेला नाही. केवळ वाचक म्हणावे तर त्याच्यावाचून संहिताच वेगळी झाली असती. मराठी समीक्षेने संपादक, भाषांतरकार, नाट्यदिग्दर्शक यांच्याबाबत हा पेच थोडाबहुत ओळखला आहे. ध्वनिमुद्रिकेचा निर्माता त्याच पंक्तीत बसतो.

जोशी यांनी पुढे 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात आणि 'डाउन मेलडी लेन' या इंग्रजी पुस्तकात आपल्या आठवणी लिहिल्या. त्या पुस्तकांत जागा आहे ती मुख्यतः इतरांच्या गाण्याला. मोठे कलावंत तेथे गातात, रुसतात, राजी होतात. लेखक दाराशी उभा असतो. इतरांच्या स्वरासाठी जागा करून देण्याची ही सवय इतकी मुरलेली आहे की स्वतःच्या आठवणीतही ती सुटत नाही. त्यांचा आवाज ऐकावयाचा असेल तर 'शीळ'च्या तबकडीकडे परतावे लागते. 'कॉल ऑफ द व्हॅली'त, पिलू संपून भूप सुरू होण्यापूर्वी जी क्षणभराची शांतता आहे, ती किती लांब असावी आणि तिच्यानंतर कोणता प्रहर उजाडावा, हे ठरविण्यात मात्र त्यांचा वाटा आहे.