उतारी समोरच्याची

आमच्या अकोल्याच्या घरी पत्त्यांना मज्जाव होता. सप्त व्यसनांत द्यूत पहिले, असे आजी सांगे. पैसे लावले काय नि न लावले काय, पत्ता तो पत्ताच, हे तिचे मत शेवटपर्यंत ढळले नाही. त्यामुळे ब्रिज मी शिकलो तो अमरावतीला, विदर्भ महाविद्यालयात असताना. सोबत धाकटा चुलतभाऊ होता. ब्रिजमध्ये भिडू समोरासमोर बसतात. तो माझ्यासमोर बसला तो पुढे तीस वर्षे.

आडतीच्या धंद्यात पावसाळा हा रिकामा काळ. दिवाळीच्या सुमारास कापूस बाजारात येऊ लागेपर्यंत वसुली आणि हिशेब, एवढेच काम. चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले की संध्याकाळ लांबच लांब पसरलेली असे. आजीच्या पश्चात आमच्याच बैठकीत चौघे जमू लागले. वसुलीसाठी अमरावतीला निघालो की बडनेऱ्यापर्यंत गाडीतही गुडघ्यांवर पंचा पसरून डाव पडे. मूर्तिजापूर कधी मागे गेले ते कळत नसे.

त्या खेळातील एक युक्ती मला विशेष साधली होती. तिला एंडप्ले म्हणतात. ज्यांना ब्रिज ठाऊक नाही त्यांच्यासाठी एक डाव सांगतो.

एकूण तेरा हात होतात. बोली माझी आहे, हुकूम इस्पिकचा आहे आणि मला दहा हात करावयाचे आहेत. माझ्या भिडूचे पत्ते टेबलावर उघडे मांडलेले आहेत. त्यांना डमी म्हणतात. मोजले तर खात्रीचे हात नऊच भरतात : हुकमाचे पाच, बदामचे एक्का नि राजा, किलवरचा एक्का आणि चौकटचा एक्का. दहावा हात चौकटच्या राणीवर व्हायला हवा. माझ्याकडे चौकटची एक्का, राणी आणि चौकी आहे. राजा मात्र माझ्या डावीकडच्या गड्याकडे, म्हणजे माझ्यामागून खेळणाऱ्याकडे आहे. डमीतून चौकट उतरून मी राणी लावली, तर तो राजाने ती मारणार.

म्हणून चौकटला हातच लावायचा नाही. त्याने पहिली उतारी किलवरच्या राजाची केली, ती मी एक्क्याने घेतली. मग दोन फेऱ्यांत साऱ्यांचे हुकूम काढून घेतले. बदामचे एक्का, राजा वाजवले आणि डमीतले तिसरे बदाम माझ्या हुकमाने कापले. आता बदाम ना माझ्याकडे, ना डमीत. नंतर मी शांतपणे लहानसे किलवर उतरलो. राणी, गुलाम आणि दश्शी त्याच्याकडेच होती, त्याने दोन हात आनंदाने ओढले. तेवढ्यात आमच्या दोन्ही बाजूंचे किलवरही संपले आणि उतारी त्याची राहिली. त्याने बदाम किंवा किलवर उतरले, तर मी डमीत हुकूम मारतो आणि इकडून चौकटची चौकी फेकतो. चौकट उतरले, तर शेवटचा पत्ता माझा पडतो आणि राणी हात करून जाते. काहीही खेळला तरी दहावा हात माझाच.

हात देणे हे यातले शेवटचे आणि सर्वांत सोपे काम. त्याआधी त्याच्या सुटकेची एकेक वाट बुजवावी लागते, आणि ती बुजत असताना त्याला वाटत असते की आपण दोन हात कमावले.

वडील आणि काका गेल्यावर, 2014 च्या पावसाळ्यात, आमची वाटणी झाली. मला गोदाम हवे होते. ते मी कोणाला बोललो नाही. आधी शेत त्याला दिले. अमरावतीचे घर त्याला दिले, आणि त्या घरावरचे कर्जही अर्थात त्याच्याकडे गेले. जुनी येणी मी माझ्याकडे घेतली, तेव्हा मामा म्हणाले, बुडीत रकमा अंगावर घेतो आहे. ती बुडीत नव्हती, हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटी दुकान आणि गोदाम एवढेच उरले, आणि मी सर्वांदेखत म्हणालो, “तू निवड. तू घेशील ते तुझे.”

गोदाम घेतले असते तर ते चालवण्यापुरते भांडवल त्याच्यापाशी उरले नव्हते. वर्षाच्या आत ते माझ्याकडेच आले असते. दुकान घेतले तर गोदाम माझेच. थोरल्या भावाने निवड धाकट्याला दिली, म्हणून बैठकीतल्या वडीलधाऱ्यांनी माझे तोंडभर कौतुक केले. तो मात्र बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. खेळ एकट्या त्याला कळत होता. “दादा, निवडायला ठेवलंय काय तुम्ही?” एवढे हळूच म्हणाला आणि दुकानाच्या कागदावर सही केली.

भांडण झाले नाही. त्या चातुर्मासात तो खेळायला आला नाही, पुढच्याही नाही. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष दुहेरीत सुवर्णपदक मिळवले, तेव्हा साठीचा गृहस्थ पत्त्यांवर सुवर्ण आणतो, ही बातमी मी घरात तीनतीनदा वाचून दाखवली. ज्याला सांगायची होती तो तिथे नव्हता.

संवत्सरीला आम्ही दरवर्षी फोनवर ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत असू. साऱ्या नातलगांना म्हणतो तसेच, एका दमात. गेल्या वर्षी मात्र फोन न करता सकाळची गाडी धरली. त्याच्या घरी बसून गोदामाचे, येण्यांचे, सगळे क्रमाने सांगितले. ते तो आधीपासून जाणून होता, तरीही पुरते ऐकून घेतले. “गोदामाचं राहू द्या,” म्हणाला. मग थोड्या वेळाने उठून कपाटातून जोड काढला आणि मुलाला नि सुनेला हाक मारली.

त्या दोघांना ब्रिज येत नव्हते. तेव्हा आम्ही मेंढीकोट मांडला. सून माझ्यासमोर बसू लागली, तेव्हा त्याने तिला बाजूची जागा दाखवली आणि तिथे स्वतः बसला.