वाकेन पण मोडणार नाही

'मोडेन पण वाकणार नाही' हा आपल्याकडे मोठा बाणा समजतात. सिव्हिलच्या डिग्रीने मला नेमकं उलटं शिकवलं. (हो, शिकलो सिव्हिल, करतो सॉफ्टवेअर. असो.)

काँक्रीट दाब मस्त सोसतं, पण ताण आला की तडकतं. म्हणून ताणाच्या बाजूला सळई. भूकंपात मात्र ताणाची बाजू ठरलेली नसते. इमारत इकडे झुकते, तिकडे झुकते आणि खांबाजवळ बीम एकदा वरून ताणला जातो, एकदा खालून. वरची तड मिटते तोवर खालची उघडते. सळई ताणून लांबते, बाहेरचं कव्हर गळतं. प्रत्येक झोक्यागणिक बीम थोडा आणखी सैल.

गंमत म्हणजे हे असंच व्हावं ही योजना असते! सळई ताणण्यात भूकंपाची ऊर्जा खर्च होते. पण मजला पडता कामा नये, म्हणून बीमने आधी हार मानायची, खांबाने नाही. आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत जोडावर खांबांची ताकद बीमच्या किमान १.४ पट मागितली आहे.

बीमचा जीव असतो रिंगांमध्ये. कव्हर गेल्यावर आतलं काँक्रीट त्याच धरून ठेवतात. खांबापासून बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतरापर्यंत त्या दाट हव्यात, साधारण पाव खोलीवर एक. आणि हुक १३५ अंशांत, आत वळलेला. ९० अंशांचा हुक कव्हर गळताच उघडतो. मग काँक्रीटचा चुरा, सळया बाहेर फुगतात, खेळ खलास.

२६ जानेवारी २००१. भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये, पण दोनशेहून अधिक किलोमीटरवर अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. पार्किंगसाठी मोकळा तळमजला हे एक कारण. विरळ रिंगा आणि ९० अंशांचे हुक हे दुसरं.

सध्या आई-बाबांच्या सोसायटीचं पुनर्बांधकाम चालू आहे. मीटिंगमध्ये भांडणं टाइल्स आणि कार्पेट एरियावरून. गेल्या शनिवारी मी साइटवर गेलो. रिंगांच्या ढिगात निम्मे हुक ९० चे. फिटरकाका म्हणाले, "साहेब, तसे पटकन बसतात." खरंय, बसतात. इंजिनिअरला ड्रॉइंग दाखवून ते परत वाकवायला लावले. अर्धा दिवस गेला, सगळे वैतागले.

आमच्या धंद्यात रिलीजनंतर पॅच टाकता येतो. इथे स्लॅब पडला की रिंग कुणालाच दिसत नाही. तेव्हा मंडळी, घर बुक केलं असेल तर सॅम्पल फ्लॅट नंतर बघा. आधी हुक बघा.