‘ब्लडी’ या शब्दाची कुळकथा

वैताग व्यक्त करणाऱ्या इंग्रजी शब्दांत ‘ब्लडी’ या क्रियाविशेषणाचा मान मोठा. ‘ब्लडी हॉट’, ‘ब्लडी स्लो’ अशी बोली आता आमच्या धर्मग्रामांतील मुलांच्याही तोंडी रुळली आहे. ती ऐकून वडीलधारी मंडळी अस्वस्थ होतात. हा शब्द म्हणजे ‘बाय अवर लेडी’ या शपथेचा अपभ्रंश, अर्थात पवित्र मरियेच्या नावाची विटंबना, असे पुष्कळदा सांगितले जाते.

पवित्र मरियेची अशी शपथ जुन्या इंग्लंडमध्ये खरोखरच घेतली जात असे. परंतु भाषाभ्यासकांना ही व्युत्पत्ती पटत नाही. शपथ वाक्यात सुटी उभी राहते. ‘ब्लडी’ मात्र पुढच्या विशेषणाला बिलगून त्याचा जोर वाढविते. सतराव्या शतकात इंग्लंडमधील उनाड, दंगेखोर उमरावपुत्रांना ‘ब्लड्स’ म्हणत. त्यांच्यासारखा झिंगलेला तो ‘ब्लडी ड्रंक’, अशी एक उपपत्ती मांडली जाते. पुढे १७११ साली जोनाथन स्विफ्टसारख्या धर्मगुरूने आपल्या खासगी पत्रात उकाड्याचे वर्णन करताना हाच शब्द योजिला.

कालांतराने मात्र सभ्य समाजाने त्याला वाळीत टाकले. ११ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकात फूलवाली एलायझा तो रंगमंचावर उच्चारते काय, नि वृत्तपत्रांत केवढी खळबळ उडते! याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी आपल्यासाठी ‘ती फुलराणी’ रचली.

आपल्या मायबोलीतही असा शब्द आहेच की! ‘मेलं दूध उतू गेलं’ असे म्हणणारी गृहिणी दुधाचे मरण चिंतीत नसते. ‘कुठे उलथलाय मेला’ या बोलण्यात तर रागापेक्षा काळजीच अधिक असते. शब्दाचा मूळ अर्थ केव्हाच झिजून जातो, उरतो तो केवळ बोलणाऱ्याचा वैताग.

मग ‘ब्लडी’ निर्दोष ठरला काय? पवित्र मरियेचा त्यात अवमान नाही, हे आपण मोकळेपणाने मान्य करावे. खोटे कारण सांगून मुलांना भिवविले, तर उद्या ते कारण खोटे ठरताच आपले खरे सांगणेही त्यांच्या लेखी व्यर्थ होईल. खरे कारण साधे आहे. उन्हाला लावलेला हा शब्द कोणाला दुखवीत नाही. तोच धुणेभांडी करणाऱ्या बाईला, भाड्यावरून हुज्जत घालणाऱ्या रिक्षावाल्याला किंवा वर्गात मागे पडलेल्या सोबत्याला लावला की त्याची धार परत येते. ज्याला तो लागतो, त्याला व्युत्पत्तीशी काय कर्तव्य?

म्हणून मुलांनी विचारलेच, तर त्यांना शब्दाचा इतिहास जरूर सांगावा. तो कोणाला उद्देशून उच्चारला, हेही त्याच वेळी त्यांना प्रेमाने विचारावे.