सोपी बातमी, अवघड बातमी

पोस्ट जरा लांब आहे. शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण आधी पूर्ण वाचा.

इस्लापूरला मला गणित शिकवणारे एक सर आहेत. आता रिटायर. ख्रिस्ती माणूस. आमच्याकडं ख्रिस्ती घरं थोडीच, त्यामुळं लहानपणी आम्हाला त्यांच्या धर्मातलं नाताळचा केक सोडून काही माहीत नव्हतं. शेजारच्या तालुक्यात, माझ्या आजोळच्या गावात, त्यांची ८० आर जमीन आहे. म्हणजे दोन एकर.

अतिवृष्टीचं अनुदान खात्यावर आलं. जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये. सरांच्या हिशोबानं ६,८०० यायला पाहिजेत, आले १७,०००. यादीत त्यांच्या नावावर दोन हेक्टर लावलेले.

सर वरचे १०,२०० परत करायला गेले. सोपं वाटतं ना? तीन खेटे झाले. "सगळ्यांनाच आलेत सर, राहू द्या की," असं ऐकून दोनदा परत आले. तिसऱ्यांदा लेखी अर्ज दिला, चलान भरलं, तेव्हा सुटले.

मला बातमी दिसली. म्हणलं, "सर, चलान हातात घ्या, एक फोटो काढतो. निवृत्त शिक्षकाचा प्रामाणिकपणा!"

सर म्हणाले, "नको. उजव्या हातानं केलेलं डाव्याला कळू नये, असं आम्हाला शिकवलंय. तुला बातमीच करायची तर ती यादी वाच. ज्यांचं खरंच वाहून गेलं, त्यांची नावं बघ सापडतात का."

यादी वाचली. ओढ्याकाठच्या एका विधवा बाईचं अख्खं वावर खरडून गेलंय, मी स्वतः बघून आलोय. तिचं नाव नाही. माझ्या मामेभावाचं आहे. जमीन तीन एकर, यादीत दोन हेक्टर.

आता खरं सांगतो. मी एकोणीस दिवस गप्प बसलो.

माझी डिप्लोमाची फी मामानं भरली होती. शिवाय गावपातळीवरच्या वार्ताहराला पगार नसतो, जाहिरातीचं कमिशन असतं. ज्याची बातमी करायची, त्याच्याच दारात पंधरा ऑगस्टची जाहिरात मागायला जायचं. हे बाहेरच्यांना माहीत नसतं. म्हणून मनाला सांगत राहिलो की कागद अपुरे आहेत, अजून खात्री करू. कागद पुरेसे होते.

त्या दिवसांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो फार आठवले. जानेवारी २०२० ला आपल्या मराठवाड्यात, उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३वं साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष झाला म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. पाठीचं दुखणं असतानाही ते आले. पण मला त्यापेक्षा त्यांचं वसईतलं काम मोठं वाटतं. टँकरवाले विहिरींचं पाणी उपसून न्यायचे, बिल्डर जमिनी गिळत होते, तेव्हा त्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. टँकरला पाणी विकणारी विहीर काही परदेशातल्या माणसाची नसते, गावातल्याच कुणाची तरी असते. लांबच्या सरकारला नावं ठेवणं सोपं. ज्याच्या लग्नात जेवलो, त्याच्याविरुद्ध उभं राहणं अवघड. फादर २५ जुलै २०२४ ला गेले, तेव्हा मी भली मोठी श्रद्धांजली पोस्ट टाकली होती. दीडशे लाइक आले होते. तीही सोपीच बातमी.

विसाव्या दिवशी सरांकडं गेलो. त्यांनी बायबलमधला जक्कय सांगितला. कर वसूल करणारा, बुटका, येशूला बघायला झाडावर चढून बसलेला. "लुबाडलेलं चौपट परत करीन, असं तो म्हणाला," सर म्हणाले, "पण झाडावर बसून नाही. खाली उतरला, मग बोलला. तू अजून झाडावरच आहेस. वरून सगळ्यांचं दिसतंय तुला."

मी काही ख्रिस्ती नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी आधी मामाला फोन केला. मागून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळावं म्हणून. "मामा, यादीची बातमी देतोय. भाऊचंही नाव आहे."

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "तुझी फी मी भरली होती रे." फोन ठेवला.

बातमी दिली. सातबारा आणि यादी शेजारी ठेवून वरच्या कार्यालयात लेखी तक्रारही दिली. पोच घेतली. चौकशी व्हायची आहे म्हणून गावाचं नाव इथं लिहीत नाही. त्या बाईला अजून एक रुपया मिळालेला नाही. मामेभाऊ बोलत नाही. दोन जाहिराती गेल्या. सर मात्र रोजच्यासारखे संध्याकाळी स्टेशनकडं फिरायला जाताना दिसतात, हात वर करतात, एवढंच.

चांगलं केल्याचं समाधान मिळतं म्हणतात. मला अजून तरी मामाचा आवाजच ऐकू येतो. तरी परत वेळ आली तर हेच करीन, फक्त एकोणीस दिवस घालवणार नाही.

तुमच्याही गावची यादी लागली असेल. जाऊन बघा. आधी स्वतःचं नाव बघा, मग दुसऱ्यांची.