परळचे दामोदर नाट्यगृह

६ डिसेंबरला बीड जिल्ह्यातून एस.टी.ने, जीपने, मिळेल त्या वाहनाने आपले बंधू-भगिनी चैत्यभूमीवर जातात. राजगृह पाहतात आणि परतीची गाडी धरतात. दादरला लागूनच असलेल्या परळची आठवण फारशी कोणाला होत नाही. वास्तविक टाटा किंवा के.ई.एम. रुग्णालयात पेशंट घेऊन जाणाऱ्या आपल्या माणसांना परळ नवीन नाही. याच रुग्णालयांच्या परिसरात दामोदर ठाकरसी सभागृह, म्हणजेच दामोदर नाट्यगृह आहे.

कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे हे सभागृह १९२२ चे. भोवती सगळे गिरणगाव. पाळी संपवून आलेला कामगार येथे नाटक पाही, आणि हौस असेल तर तोंडाला रंग लावून स्वतःही उभा राही. नमन, दशावतार, शक्ती-तुरा या कोकणच्या कलांना मुंबईत हक्काची जागा मिळाली ती येथे. बड्या लोकांच्या थिएटरांचे कौतुक पुष्कळ झाले. हे कष्टकऱ्यांचे नाट्यगृह होते.

आपल्या दृष्टीने मात्र या वास्तूचे मोल निराळेच आहे. ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथेच बैठक बोलावली. अस्पृश्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी संस्था असावी, असे ठरले आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब. सभेची कचेरीही दामोदर हॉलमध्येच होती. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. जेवणाखाण्याची सोय झाल्याशिवाय गरिबाचे पोर शाळेत टिकत नाही, हे वसतिगृहात शिकलेल्यांना सांगायला नको.

१ नोव्हेंबर २०२३ पासून पुनर्विकासासाठी नाट्यगृह बंद करण्यात आले. नाट्यगृह वाचावे म्हणून रंगकर्मींनी आंदोलन केले. त्यांची मागणी रास्तच आहे. मात्र नव्या बांधकामात १९२४ च्या त्या दोन तारखांचा फलक दर्शनी भागात लागला पाहिजे, ही मागणी आपल्यालाच करावी लागेल. आपल्या मंडळांनी तसे ठराव करून पाठवावेत.

जाणाऱ्यांनी मध्य रेल्वेच्या परळ किंवा पश्चिम रेल्वेच्या प्रभादेवी स्थानकावर उतरावे व के.ई.एम.चा रस्ता विचारावा. पायी जाण्यासारख्या अंतरावर पोयबावडीची बी.आय.टी. चाळ आहे. तिच्या पहिल्या क्रमांकाच्या इमारतीत, ५० व ५१ नंबरच्या खोल्यांत, बाबासाहेब राहत. चाळीत कुटुंबांची वस्ती आहे, तेव्हा मोठा घोळका करू नये आणि दुपारची वेळ टाळावी.