चाळ पाडायची म्हणताना

आमच्या घराण्यात वरळीच्या बीडीडी चाळीबद्दल सगळ्यात हळवं कोण बोलत असेल, तर डोंबिवलीला राहायला गेलेले. लग्नं झाली, कर्जं काढली, वन रूम किचन घेतलं आणि जे मध्य रेल्वेवर गेले, त्यांना पॅसेजमधल्या कॅरमची खडखड आठवते, शेजारच्या काकूंच्या सुक्या जवळ्याचा वास आठवतो. जे मागे राहिले त्यांना पहाटेची संडासाची रांग आठवते. आठवते तरी कशाला म्हणायचं, ती परवापरवापर्यंत होतीच.

आम्ही म्हणजे दोन सख्ख्या भावांची मुलं. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या आणि मध्ये पॅसेज. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, अशा चाळीत 80 बिऱ्हाडं. खोली 160 चौरस फुटांची. तिच्यातच मोरी, तिच्यातच स्टोव्ह, देव्हारा, लोखंडी कॉट आणि कॉटखाली दहावीचा अभ्यास करणारा कुणीतरी. आबा आणि काका दोघेही गिरणीत. एकाची रातपाळी तेव्हा दुसऱ्याची दिवसपाळी, म्हणून पाठ टेकायला जागा पुरायची. गावाहून पाहुणे आले की आम्हा पोरांच्या वळकट्या बाहेर पॅसेजमध्ये. शेवटचा शो बघून येणारे अंधारात आमचे पाय चुकवत जायचे, आणि पाय पडलाच कुणावर तर शिवी कुणी कुणाला द्यायची हेही ठरलेलं असायचं. खोलीत आम्ही जेवलो, आंघोळी केल्या. वाढलो ते पॅसेजमध्ये.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि भर दुपारी पॅसेजमध्ये पुरुषमाणसं दिसायला लागली. सुरुवातीला पत्ते रंगले, मग तेही बंद झाले. आईने आणि काकूने डबे करायला घेतले. त्या काळाविषयी आमची भावंडं फारसं बोलत नाहीत, डोंबिवलीवाले तर अजिबातच नाहीत.

आजोबांकडून ऐकलेली गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ आहे. या चाळी नव्या होत्या तेव्हा त्यांत यायला माणसं तयार नव्हती! गव्हर्नर लॉइडसाहेबाच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून पैसा उभा केला गेला आणि 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे मिळून 207 चाळी उभ्या राहिल्या. सिमेंट-काँक्रीटच्या, सलग, एकसारख्या. उजेड नाही, वारा नाही, भाडं परवडत नाही, अशा तक्रारी झाल्या आणि कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या. पुढे सत्याग्रहींना डांबायला सरकारने वरळीतल्या काही चाळींचा तुरुंग केला. म्हणजे आमच्या वस्तीतलं पहिलं वादग्रस्त बांधकाम आम्ही राहत होतो तेच. टॉवरच्या नावाने बोटं मोडणाऱ्या आमच्या डोंबिवलीकर थोरल्याला हे सांगितलं की तो म्हणतो, ‘ते वेगळं.’

2017 च्या एप्रिलमध्ये पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं आणि चाळीत सभा सुरू झाल्या. 160 च्या बदल्यात 500 चौरस फूट, मालकीचं, फुकट. ऐकणाऱ्याला वाटेल, यात विरोध कसला? पण सरकारी कागद पाहून पाहून म्हातारी झालेली माणसं फुकट शब्दानेच सावध होतात. आधी करार नोंदवा, मग खोली सोडतो, असं म्हणणारे होते. ज्यांच्या भाडेपावतीवर अजून वारलेल्या सासऱ्याचं नाव, त्यांना पात्रतेची धास्ती. संक्रमण शिबिरात पाठवतील आणि विसरतील, ही भीती तर प्रत्येकाला, कारण तिथे पिढी काढलेलं कुणी ना कुणी प्रत्येकाच्या नात्यात होतंच. नायगावला आमच्या मामांकडे लोकांनी सर्वेक्षणालाच विरोध केला. विक्रीच्या इमारती आपल्याहून उंच होणार हे कळल्यावर तरुण पोरं चिडली. जमीन आमच्या घामाची आणि वरचे मजले दुसऱ्यांचे, असा त्यांचा हिशोब. चूक म्हणता येणार नाही.

काकूचा प्रश्न वेगळाच होता. ‘चाळिसाव्या मजल्यावरनं मयत कशी उतरवणार?’ सभेत हशा पिकला, पण उत्तर कुणी दिलं नाही. आबांना गणपतीची काळजी, मांडव कुठे पडणार? धाकट्याला मेंटेनन्सची. आज नाही तर उद्या बिल येणारच, आणि खोलीच्या भाड्याची सवय असलेल्या माणसाला ते झेपणार कसं, हे तो प्रत्येक सभेत उभं राहून विचारायचा. लोक कंटाळायचे. मला विचाराल तर सगळ्या सभांमधला तो एकच मुद्द्याचा प्रश्न होता.

आणि वहिनी. ती एका शब्दाने टॉवरच्या विरोधात बोलली नाही. लग्न होऊन आली तेव्हा रात्री पोटात दुखलं तरी सासूला उठवून पॅसेजच्या टोकापर्यंत सोबत न्यायला लागायचं. महिन्याच्या त्या चार दिवसांत काय होत असे, ते तिने घरातल्या बायकांनाच सांगितलं. आमच्यापर्यंत ते बहिणींकडून फार उशिरा आलं. तिला हवा होता आतून कडी लागणारा स्वतःचा संडास. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक, शिरीष पटेल, यांनी बीडीडीच्या आराखड्यातल्या दाटीवर हरकत घेतली होती. इमारती इतक्या जवळजवळ, तर खालच्या मजल्यांना उजेड आणि हवा कुठून मिळणार? आमच्यातल्या इंजिनीअर झालेल्या भावाने ते सगळं घरी वाचून दाखवलं, अगदी तळमळीने. वहिनी भाजी चिरत होती. म्हणाली, ‘आपल्या पॅसेजमध्ये भर दुपारी ट्यूब लावतात, तेव्हा नाही कुणी हरकत घेतली.’ पटेलांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि वहिनीचंही. आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही खोल्यांची दारं बंद करून भांडण झालं.

14 ऑगस्ट 2025 ला वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना चाळीस मजली इमारतींमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांत आमचा दादा होता. वास्तुशांतीला डोंबिवली, बदलापूर, विरार, सगळे जमले. हॉलमध्ये सगळे मावत होते, तरी निम्मे जण सवयीने दाराबाहेर लिफ्टसमोर जाऊन उभे राहिले, तर वॉचमनने वर येऊन विचारलं, कुणाकडे आलात? थोरल्याचे डोळे भरून आले. वहिनीने त्याला बेडरूम दाखवली, बाथरूम दाखवलं, दुसरं बाथरूम दाखवलं. काकू खिडकीजवळ गेली नाही, चक्कर येते म्हणाली. पण संध्याकाळपर्यंत तिने त्याच मजल्यावरची जुन्या चाळीतली एक ओळख हुडकून काढली आणि तिथेच चहा घेतला.

आता भावंडांच्या ग्रुपवर रोज काही ना काही येतं. समोरच्याचं दार कायम बंद, पार्किंगवरून वाद, मेंटेनन्सबद्दल ऐकलेलं खरंखोटं. नायगावचे मामा दुसऱ्यांच्या चाव्यांचे फोटो बघून आपलं कधी, एवढंच विचारतात. शिवडीची आत्या मात्र जुन्याच चाळीत आहे. तिथली जमीन बंदर प्राधिकरणाची, त्यामुळे शिवडीच्या 12 चाळी बाकीच्यांबरोबर या योजनेत आल्याच नाहीत. परवा दादाने ग्रुपवर लिहिलं, लिफ्ट बंद होती, सामान घेऊन अर्धा तास खाली थांबावं लागलं. थोरल्याने लगेच जुन्या जिन्याचा फोटो टाकला, खाली रडका चेहरा. आत्याला टाइप करायला जमत नाही, ती बोलून पाठवते. ‘तो जिना हवा असेल तर इकडे या रे. गुडघ्यांनी रोज चढत्येय. येताना पाण्याची कळशीपण आणा वर.’